बोयावरची खूण

“लाकूड खोटा बोलत नाय, खोटा बोलतो त्यो गोंद,” असं पंढरी एकदा म्हणाला होता.

साल अठ्ठ्याहत्तर. तुर्भ्याच्या प्लायवुड कारखान्यात दिनानाथ नावाचा नवा केमिस्ट आला होता. मूळचा साताऱ्याकडचा, वाशीत नव्या सोसायटीत भाड्याने राहणारा, गोंद शिजवण्याचं शास्त्र वहीत लिहून आणलेला. त्याने तपासून दिलेल्या गोंदाची सात शीटं पंढरीने बाजूला काढून भिंतीला टेकवली, तेव्हा दिनानाथने विचारलं, “यांत वाईट काय आहे?” वरून तर ती आरशासारखी होती. पंढरीने ते वाक्य बोलून एका शीटवर गेरूने वर्तुळ काढलं. दिनानाथने करवत मागवली. वर्तुळाच्या मधोमध कापलं, तर तिसऱ्या आणि चौथ्या थराच्या मध्ये तळहाताएवढी पोकळी निघाली. गोंद दोन्ही अंगांना चमकत होता, चिकटला मात्र नव्हता. दिनानाथने त्या फटीत बोट घालून पाहिलं. त्या दिवसापासून तो त्याला पंढरीदादा म्हणू लागला.

पंढरीचं काम ठोकण्याचं. आठ बाय चारचं शीट दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकायचं आणि हातभर शिसवी काठीने आधी चार कोपरे, मग वीतवीतभर अंतराने सगळं अंग ठोकत जायचं. शीट आतून एकजीव असेल तर काठी ‘टण’ बोलते. आत पोकळी असेल तिथे ‘ढब’ बोलते. इतकंच. सांगायला एका ओळीचं काम, पण दिवसाला दोनशे शीटं त्याच्या काठीखालून जात आणि एकेका शीटवर तीस-चाळीस ठोके पडत. चांगल्या शीटच्या कोपऱ्यावर तो गेरूने खूण करी: दोन तिरक्या रेघा आणि मध्ये ठिपका.

ही खूण कारखान्याने दिलेली नव्हती. ती त्याच्या घरची होती.

पंढरी बोनकोड्याचा. त्याचा बाप देवजी पावसाळ्यात भात लावी, उन्हाळ्यात मिठागरावर मीठ ओढायची फळी ओढी, आणि उरलेल्या दिवसांत खाडीत जाळं टाकी. जाळ्याला वर तरंगत ठेवणारे बोये सावरीच्या हलक्या लाकडाचे असत. खाडीत कुणाचं जाळं कुठलं ते कळावं म्हणून प्रत्येक घर आपली खूण बोयावर कोरी. देवजीची खूण दोन रेघा, एक ठिपका. दुसऱ्याची खूण आपल्या बोयावर घालणारा माणूस गावात चोरापेक्षा हलका धरला जाई. आणखी एक रीत होती. बोया कुजला, पाणी प्यायला लागला, की तो तसाच चुलीत घालायचा नाही. आधी कोयत्याने खूण तासून काढायची, मग जाळायचा. बुडणाऱ्या लाकडावर घराचं नाव राहू द्यायचं नाही.

देवजीची दुसरी एक सवय होती, तिला पोरगा असताना पंढरी हसत असे. भर खाडीत होडी थांबवून देवजी वल्हं उभं पाण्यात सोडी आणि त्याचा वरचा दांडा दातांत धरून डोळे मिटी. खालून घोळ माशाचा कळप चालला असेल तर त्याची घुरघुर वल्ह्यातून दाढेपर्यंत चढते, असं त्याचं म्हणणं.

“कानानं ऐक ना, बा,” पंढरी म्हणे.

“कानात वारा शिरतो. दातांत नाय शिरत.”

पंढरीचा डावा कान नवव्या वर्षी फुटला. खाडीत बुड्या मारून पाणी साचलं, महिनाभर वाहिला, मग त्या बाजूचं जग कायमचं लांब गेलं. उजवा शाबूत होता, त्यामुळे कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

सत्तरच्या सुमाराला भातखाचरांत नव्या शहराच्या मोजणीचे दगड आले. देवजी तेव्हा नव्हता. मिठागर बंद झालं, खाचरांवर मुरूम पडला आणि गावाच्या चार बाजूंनी रस्ते आखले गेले. गाव मधे राहिलं, ताटात भात संपल्यावर उरलेल्या लिंबाच्या फोडीसारखं. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत एकामागून एक कारखाने उभे राहत होते, त्यांत गावातली काही माणसं लागली. पंढरी एकाहत्तर साली प्लायवुडच्या यार्डात लागला, ओंडके लोटायला.

पहिल्याच दिवशी त्याने एका ओंडक्यात नख रोवलं. नख सहज रुतलं. सावर. बोयाचं लाकूड. बापाच्या बोयाला वीतभर तुकडा पुरे, इथे मांडीएवढ्या, कमरेएवढ्या सावरी रचून ठेवल्या होत्या. शेजारी उत्तरेकडून आलेली चीड, म्हणजे पाइन, फोडली की नाकात शिरणाऱ्या राळेच्या वासाची. सगळं मऊ लाकूड. घर बांधायला, नांगराला ज्याला कुणी हात लावला नसता, त्याची इथे मातब्बरी होती.

ओंडका आधी उकळत्या पाण्याच्या हौदात दिवसभर, रात्रभर शिजवायचा. शिजला की साल काढायची आणि तो गरम असतानाच लेथवर चढवायचा. दोन लोखंडी पंजे त्याला दोन टोकांनी धरून गरागरा फिरवत, आणि आठ फूट लांबीचं एक पातं हळूहळू त्याच्या अंगाकडे सरके. मग ओंडक्यातून लाकडाचा पातळ पापुद्रा बाहेर पडू लागे, ओलसर, पिवळट, न तुटता, जसं कुणी नऊवारीची घडी हातावरून सोडत जावं. याला व्हिनियर म्हणत. झाडाचा सगळा गोलावा सपाट होऊन मेजावर पसरला जाई. शेवटी पंज्यांत मनगटाहून थोडा जाड असा गाभा उरे, तो पुढे सोलता येत नसे. ते गाभे बाहेर ढिगाने पडत आणि बोनकोड्यात, घणसोलीत कुंपणाला नाहीतर चुलीला जात. गोजरा, पंढरीची बायको, म्हणे, “मधलीच काडी आपल्या नशिबाला. सालपटा शेटच्या.” पण चूल चांगली पेटे.

लेथवर तो पाच वर्षं होता. लेथच्या आवाजात माणसं हातवारे करून बोलत. उजवा कान तिथेच झिजायला लागला, पण झिजतोय हे कळायला आणखी काही वर्षं जायची होती.

व्हिनियर कापून ड्रायरमधून वाळवायचं, मग त्यावर गोंद चढवायचा. गोंदाच्या मशीनवर घणसोलीचा नामदेव होता, कामात हात चालो न चालो, तोंड चालणारा. साध्या मालाला पांढरट गोंद, त्यात मैदा कालवलेला. पाण्यात टिकणाऱ्या मालाला काळसर तांबडा, फिनॉलचा. मग थर रचायचे. एक उभा, त्यावर दुसरा आडवा, पुन्हा उभा. संख्या नेहमी विषम: तीन, पाच, सात. एकट्या थराला पाणी लागलं की वाकायची खोड असते, पण त्याचा आडवा शेजारी त्याला वाकू देत नाही. गावातल्या भावकीसारखं, असं पंढरीला वाटे. कुणी कुणाच्या बाजूने नाही, म्हणून सगळं टिकून.

रचलेला थप्पा वाफेवर तापलेल्या लोखंडी पाट्यांमध्ये दाबला की शीट तयार. धोका इथेच. एखाद्या थरात ओल राहिली असेल तर तिची वाफ होते. तिला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून ती आतच जागा करून बसते. प्रेस उघडताना कधी शीट फटाक्यासारखं फुटे. ते बरं, ते दिसे तरी. न फुटणारं वाईट. ते तसंच बाजारात जाई, त्याचं दार होई, पलंग होई, होडीचा तळ होई, आणि एक दिवस उलगडे.

म्हणून ठोकणारा माणूस. अठ्ठ्याहत्तर साली आधीचा ठोकणारा गावी परत गेला आणि पंढरीला ते काम मिळालं. चांगल्या शीटवर काहीतरी खूण कर, असं सांगितलं गेलं. त्याला सही येत नव्हती. हात आपोआप दोन रेघा आणि ठिपक्याकडे गेला. वर्षा-दोन वर्षांत ठाण्या-पनवेलचे व्यापारी शीट घेताना कोपरा पाहू लागले. “रेघवाला माल द्या,” म्हणू लागले.

ब्याऐंशीच्या आसपास ‘टण’ आणि ‘ढब’ जवळ यायला लागले.

आधी त्याला वाटलं काठी जुनी झाली. काठी बदलली. मग वाटलं प्रेसचा आवाज वाढला. मग एकदा जेवणाच्या सुट्टीत, सगळी यंत्रं बंद असताना, त्याने भिंतीशी ठेवलेलं एक फुगीर शीट ठोकलं. फुगवटा डोळ्यांना दिसत होता. कानाला मात्र लांबून कुणीतरी उशी बडवावी तसं ऐकू आलं, फुगवट्यावरही आणि बाजूलाही.

त्याने हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कुणी हाकललं नसतं, पुन्हा यार्डात लोटलं असतं इतकंच. यार्डाला तो भीत नव्हता. पण खूण गेली असती. बोनकोड्याच्या खाडीत आता देवजीच्या घरचा एकही बोया नव्हता. ती खूण कुठे उरलीच असेल तर या शीटांच्या कोपऱ्यावर.

वाट सापडली ती अपघाताने. दोन्ही हातांनी शीट उचलताना त्याने काठी तोंडात धरली होती. तिचं दुसरं टोक खालच्या शीटला टेकलं, आणि त्याच वेळी पलीकडे नामदेवच्या हातातून पाना त्याच शीटवर पडला. पंढरीच्या दाढेत झिणझिणी आली, स्वच्छ, एकसंध, घंटेसारखी. तो तसाच वाकून उभा राहिला. चाळीस वर्षांमागचं वल्हं त्याला आठवलं.

तेव्हापासून तो दोन काठ्या वापरू लागला. एक शीटवर टेकवून तिचं वरचं टोक दाढांत धरायचं आणि उजव्या हाताने दुसरी ठोकायची. एकजीव शीट दातात वाजे. पोकळ शीट दातात काही येऊच देत नसे, मधेच गिळून टाकी. कानापेक्षा हे नेमकं होतं.

“दादा लाकूड चाखतंय,” नामदेव सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडे. “मीठ कमी हाय का बग रं.”

“तुज्या गोंदात मैदा जास्त हाय,” पंढरी काठी न काढता म्हणे. नामदेवच्या ओठांवरून त्याला सगळं कळत होतं.

दिनानाथ पाहुण्यांना त्याच्यापाशी आणून उभा करी. “ही यांची स्वतःची पद्धत आहे. लॅबमध्ये आम्ही तुकडे तीन दिवस उकळून बघतो, पण ते नमुन्याचे तुकडे. सगळ्या मालाला हे एकटे.” पंढरी मान हलवी. ही पद्धत का पडली, हे दिनानाथने कधी विचारलं नाही.

घरी गोजराला तो कमी ऐकतो हे माहीत होतं, पण ती ते स्वभावावर घाली. “कामापुरता आयकतंय हा मानूस,” ती शेजारणीला, सुंदराबाईला, सांगे. “जेवाला बोलवला की आयकू येतंय.”

शहाऐंशीच्या वैशाखात त्यांच्या मुलीचं, जयमालाचं लग्न ठरलं. मुलगा पनवेलचा, कचेरीत कामाला. मुलाकडची माणसं शिकलेली, हळू आवाजात बोलणारी. बैठकीत पंढरी गप्प बसला, ते त्यांना भारदस्तपणाचं वाटलं. पण चहा घेताना तो एकदा हसला, आणि गोजराने मान खाली घातली. चाळीस वर्षांच्या मशेरीने त्याचे दात डांबरासारखे झाले होते. पुढचे तीन नव्हतेच. उरलेले दोन्ही बाजूंच्या दाढांजवळ उभे होते, ओसाड बंदराच्या खांबांसारखे.

“पनवेलला डॉक्टर हाय, सगलं काढून नवं बशिवतो,” गोजरा म्हणाली. त्याच्या समोर येऊन, तोंड मोठं करून म्हणाली, म्हणजे ऐकलं नाही म्हणायला जागा उरू नये. “पांढरं, सरल. व्याही बगत बसतील.”

“मना जेवाला येतंय ना?”

“जेवाचा नाय सांगत मी. फोटूचा सांगतंय.”

तो ऐकत नव्हता. मग एकदा जयमाला भांडी घासता घासता त्याच्याकडे न बघता म्हणाली. त्याला ऐकू आलं नाही, पण बाजूने तिचे ओठ दिसले: “बाबा, फोटोत हसू नका हं.” ती रागाने म्हणाली नव्हती. विनवून म्हणाली होती, जशी पावसाळ्यात वाळण टाकताना आभाळाला विनवतात.

तो पनवेलला गेला. तीन खेपांत डॉक्टरने सगळे दात काढले. काठीचं काय होणार, हा विचार त्याच्या मनात आला नव्हता असं नाही. आला होता. पण डॉक्टरने कवळी टेबलावर ठोकून दाखवली आणि म्हटलं, “हिने ऊस सोलाल.” पंढरीने कवळी हातात घेऊन पाहिली. एकसारखे, घट्ट, एकही न हलणारा. आपले तर हलत होते. त्याला वाटलं, दात ते दात. उलट हे जास्त कळवतील. लाकूड ओळखणाऱ्या माणसाची ही चूक होती. लाकूड कोणतंही असो, वाजतंच, अशी त्याची आयुष्यभराची खात्री होती. कवळी हाडात रुजत नाही, हिरडीवर नुसती टेकते, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

हळदीला गाव लोटलं. फोटोत पंढरी पहिल्या रांगेत, तोंड भरून हसताना दिसतो. त्याच्याशेजारी जयमालाही तशीच.

महिन्याभराची रजा संपवून तो कामावर आला. दिनानाथ दारातच भेटला.

“वा, दादा, ओळखूच येईना,” तो म्हणाला, आणि मग हात धरून त्याला आत घेऊन गेला. प्रेसच्या पलीकडे एकशे साठ शीटं रचलेली होती, सात थरांची, काळ्या गोंदाची. “लाँचीचा माल आहे. माणसं नेणाऱ्या लाँचीच्या तळाला जायचाय. मधे दोन दिवस ड्रायर नीट चालत नव्हता, त्यामुळे यात काही खराब निघणार हे मला माहीत आहे. कुठली ते माहीत नाही. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. तुमच्यासाठी थांबवलाय.” तो हळू, समोर बघून बोलला, तशी त्याची सवय होती. पंढरीला शब्दन् शब्द कळला.

“संद्याकाली गाडी?”

“चारला.”

त्याने पहिलं शीट घोड्यांवर घेतलं. काठी दातांत धरली, ठोकली. तोंडात कवळी काठीवर आपटल्याची कटकट झाली. शीटमधून काही आलं नाही. आलं नाही म्हणजे पोकळ, असं धरून त्याने जागा बदलली. तिथेही नाही. मग त्याला वाटलं, महिन्याभराची सवय तुटलीय, बसेल. माल तर वरून छान दिसत होता. त्याने गेरू लावला. दुसरं, तिसरं. हाताला घाई होती, गाडी चारला होती. अकरा शीटांवर दोन रेघा आणि ठिपका पडला.

बाराव्या शीटला त्याने कवळी काढून खिशात घातली आणि काठी नुसत्या हिरड्यांत धरली. काहीतरी आलं, ओलं, भुरकट, सगळीकडे सारखं.

“दात कुटं ठेवलंस, दादा?” नामदेव ओरडला. “लाकडानं पलवलं का?”

पंढरीने काठी कपाळाला टेकवली. कानामागच्या हाडाला टेकवली. तिथेही तेच. मग तो भिंतीशी गेला आणि तिथे पडलेलं एक जुनं शीट घेऊन आला. त्यावर डबा ठेवून माणसं जेवत. मध्ये पुरणपोळीसारखा फुगवटा होता, बोटाने दाबला की खाली जाणारा. त्याने ते घोड्यांवर टाकलं. काठी फुगवट्यावर टेकवली, ठोकली. मग हातभर बाजूला, चांगल्या जागी. पुन्हा फुगवट्यावर. पुन्हा बाजूला.

हिरड्यांना दोन्ही सारखं.

तो बराच वेळ ठोकत राहिला. नामदेवने हसणं थांबवलं. मशीन चालू ठेवून तो इकडे पाहत होता.

मग पंढरीने फुगीर शीट खाली ठेवलं. गेरूच्या डब्याजवळचं फडकं पाण्यात बुडवून पिळलं आणि अकरा शीटांपैकी पहिल्याच्या कोपऱ्याशी बसला. दोन रेघा पुसल्या, ठिपका पुसला. गेरू पापुद्र्यात थोडा मुरला होता. त्याने खिशातला चाकू काढून तेवढा तासला. लाकडाचा नखाएवढा तुकडा सुटून वळला. मग दुसरं. मग तिसरं. एकेक खूण तो पुरती जाईपर्यंत सोडत नव्हता.

सातव्या शीटला दिनानाथ आला. “दादा, हे काय करताय? ही खराब निघाली का?” पंढरीची पाठ त्याच्याकडे होती. दिनानाथने पुन्हा विचारलं, मोठ्याने. मग तो थांबला. पुढच्या वेळी त्याने नुसतंच पाठीमागे उभं राहून, रोजच्या आवाजात म्हटलं, “पंढरीदादा.”

पंढरी आठव्या शीटकडे सरकला.

दिनानाथ तिथेच उभा राहिला. घोड्यांवरच्या दोन काठ्यांकडे त्याने पाहिलं. एका काठीचं टोक चार वर्षांच्या दातांनी खाल्लेलं होतं, खोल, दोन्ही बाजूंनी. त्याने तिथे अंगठा फिरवला. मग वळून ड्रायव्हरला सांगायला नामदेवला पाठवलं, की आज माल जाणार नाही.

अकरावी खूण गेल्यावर पंढरी उठला. कपच्या त्याने फडक्यात गोळा केल्या होत्या, ते फडकं त्याने बॉयलरच्या तोंडाशी जाऊन आत टाकलं. परत येऊन दातांनी खाल्लेली काठी घेतली, दुसरी दिनानाथच्या हातात दिली. दिनानाथचे ओठ हलले. पंढरीने या वेळी तिकडे पाहिलं नाही. खिशातली कवळी काढून, पुसून तोंडात बसवली, आणि प्रेसच्या बाजूने, लेथच्या बाजूने, बाहेर पडलेल्या गाभ्यांच्या ढिगावरून, कार्ड पंच न करता फाटकातून निघून गेला.